माहेरची बारव

सही करायच्या आधी मंजुळाबाईनं एकदा वळून मोरीकडं बघितलं. मोरी तिची गाय. सात महिन्यांची गाभण, पण पोट सोडलं तर अंगावर नुसती हाडं राहिलेली. दूध सोसायटीच्या ओट्याला अंग टेकून ती उभी होती. टेकू काढला असता तर बसली असती, आणि त्या वैशाखात बसलेलं जनावर उठत नव्हतं.

"इथं करा, मावशी," उत्तरेश्वर म्हणाला. "ओळख पटवणाऱ्याची सही."

कागदावरचं तिनं अक्षराला अक्षर लावून वाचलं. चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात शिकलेली बाई. छापील ओळीवरून तिची नजर अजून चढावरच्या बैलगाडीसारखी जायची. 'सदर ओवीत वर्णन केलेली बारव घोटणदरा या गावातील असून मी ती ओळखते.' ओळ खोटी होती. भोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती, त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. फक्त तिला माहीत होतं.

तिनं सही केली.

हा उत्तरेश्वर बीडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हा मात्र चिकाटीनं शिकलेला, पस्तिशीचा माणूस. वीसेक वर्षांमागं त्याच्या गुरुजींनी गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. त्या कॅसेटी बुरशीनं खाऊन टाकायच्या आत उत्तरेश्वरनं एकेक करून संगणकात उतरवल्या. नुसत्या उतरवून थांबला नाही. प्रत्येक ओवी टंकून काढली. झाड आलं की झाडाची खूण केली, देव आला की देवाची, पाणवठा आला की पाणवठ्याची. चार वर्षं त्याचा हाच उद्योग. मग संगणकाला जिल्ह्याचा नकाशा दिला आणि ओव्यांतला एकेक पाणवठा त्यावर मांडायला लावला. नकाशावर एकशे बारा निळे ठिपके उमटले. कुठल्याही दप्तरात नोंद नसलेल्या, बुजलेल्या, लोक विसरून गेलेल्या विहिरी, बारवा आणि झरे. त्यातला एक ठिपका घोटणदऱ्यावर होता.

घोटणदरा म्हणजे तेलगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी बसलेलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. दोन हजार सोळाचा तो उन्हाळा. मागचे पावसाळे नावालाच आले आणि गेले होते. आठवड्याला एक टँकर यायचा, तोही माणसांपुरता. सोसायटीच्या सभासदांची त्रेचाळीस जनावरं माणसांच्या हंड्यातलं चोरून पिऊन जगली होती. दोन बोअर पाडले, दोन्हींतून धुरळा उडाला. छावणी होती ती मांजरसुंब्याच्या पलीकडं, पायी दोन दिवसांची वाट. त्या वाटेनं किती जनावरं पोचतील हे प्रत्येकाला कळत होतं, म्हणून छावणीचं नाव कुणी काढत नव्हतं.

अशात पुण्याच्या एका ट्रस्टनं खोदाईचं मोठं मशीन द्यायचं कबूल केलं. तीन दिवसांसाठी. अट एकच, जिथं जुना पाणवठा असल्याचा पुरावा असेल तिथंच खणायचं. पुरावा नसला तर मशीन पुढच्या गावाला. सोसायटीचा चेअरमन सुंदरराव, साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं कुठून तरी उत्तरेश्वरचं नाव काढलं आणि त्याला मोटारसायकलवर मागं बसवून बीडहून घेऊन आला.

सोसायटीच्या खोलीत दुधाचे रिकामे कॅन बाजूला सारून उत्तरेश्वरनं लॅपटॉप मांडला, शेजारी डब्यासारखा स्पीकर ठेवला. आधी नुसती घरघर आली, जात्याची. मग आवाज आला:

*जोडचिंचांच्या सावलीत, माझी बारव पायऱ्यांची*
*दुष्काळ आला गेला, खाली ओल गं झऱ्यांची*

"अगं बाई, ही तर भिवरा!" म्हातारी बायनाबाई ओरडली. "समोर बसून गायल्यावानी!"

भिवराबाई म्हणजे मंजुळाबाईची सासू. तिला जाऊन अठरा वर्षं झाली होती. ओवीची दुसरी ओळ उचलणारा एक बारीक आवाज मागून येत होता. तो कुणाचा हे मंजुळाबाईला क्षणभर कळलंच नाही. तो तिचाच होता.

"माळावर म्हसोबाच्या खाली जोडचिंचांची खोडं हायेत का न्हाईत?" कुणीतरी विचारलं.

"हायेत की!"

"मग आनिक काय पायजे बे? तरी म्हणलं, त्या मुरमाड माळावर चिंचा कशाच्या जोरावर वाढल्या!"

उत्तरेश्वरनं हात वर केला. "थांबा, थांबा. संगणक सांगतो म्हणून मी कुणाला खणायला लावणार न्हाई. ओवी ओळखणारं माणूस पायजे. गाणारणींपैकी कुणी हयात हाय का?"

सगळ्या माना मंजुळाबाईकडं वळल्या.

तिच्या डोळ्यांपुढं ती पहाट उभी राहिली. नव्यानं नांदायला आलेली असताना तिनं दळता दळता सासूला विचारलं होतं, "आत्याबाई, ही बारव कुठली वो? मला तर गावात दिसंना." भिवराबाई म्हणाली होती, "इथली न्हाई गं. माझ्या माहेराची." पुढं ते माहेर धरणात गेलं. त्या दिवशी सासूनं पीठ तसंच टाकून दाराआड तोंड झाकून घेतलं होतं.

हे सांगितलं असतं तर मशीन पुढच्या गावाला गेलं असतं. मंजुळाबाई म्हणाली, "आमच्या आत्याबाईंचीच ओवी हाय ती." आणि कागद पुढं आला.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. चालवणारा बद्रीनाथ अंबाजोगाईकडचा. बोलका माणूस, तोंडात कायम सुपारी. चिंचेच्या दोन खोडांमध्ये त्यानं पहिला घाव घातला तेव्हा बायकांनी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. दुपारपर्यंत मुरूम, संध्याकाळपर्यंत मुरूम. पंधरा फूट. माणसं काठावर बसून राहिली. खालून निघणारी माती जो तो मुठीत दाबून बघायचा. मूठ उघडली की माती वाऱ्यावर उडून जायची. मंजुळाबाईनंही एक मूठ दाबून बघितली. तिला ठाऊक होतं, तरी बघितली.

त्या रात्री ती मोरीपाशी बसून होती. ती मनाशी म्हणत होती, जमीन ती जमीन, खणलं की कुठंही लागतं. आणि तिचंच मन तिला म्हणत होतं, दोन बोअर कुठं लागले?

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीरामाची म्हैस बसली ती उठलीच नाही. तिला ओढून नेलं. बेचाळीस राहिली.

अकरा वाजता काळा खडक लागला. बद्रीनाथनं मशीन बंद केलं, खाली उतरला, खड्ड्यात थुंकला.

"साहेब, मी मागच्या साली चार बारवा उकरल्या. बारव असली तर चिरा निघतो, पायरी निघती, गेलाबाजार एखादं खापर निघतं. हितं देवानं खडक केला तवापासून कुणी कुदळ मारल्याली न्हाई."

"सरांच्या लॅपटॉपला इचारा की, किती फुटावर हाय ते," मागून एकजण म्हणाला.

"त्याची बॅटरी उतरली आसंल बे."

"त्यालाच पाजा मग टँकरचं पानी."

उत्तरेश्वर मातीच्या ढिगावर बसला होता, मांडीवर लॅपटॉप, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. ओठ सुकून पांढरे पडले होते. "चूक माझीच आसंल," तो म्हणत होता. "ठिपका इकडं-तिकडं सरकला आसंल. पन्नास-शंभर फूट. मी परत मोजतो." फोन हातात धरून तो चिंचेच्या खोडाभोवती फिरायला लागला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. वाट चुकलेल्या वासरासारखा. माणसं त्याच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात दया नव्हती.

मंजुळाबाईला ते बघवेना.

"सरांची चूक न्हाई," ती म्हणाली. तो थांबेना म्हणून पुढं होऊन म्हणाली, "सरांची चूक न्हाई. माझी हाय. ही बारव इथली न्हाईच. आमच्या आत्याबाईंच्या माहेरची हाय. त्या गावावर धरण झालंय."

सुंदरराव जागचा उठला. "आणि हे तुमाला कवापासून म्हाईत हाय, वैनी?"

"पैल्यापासून."

"मग सही कावून केली?"

"मशीन गेलं आसतं."

"मशीन गेलं आसतं!" धोंडीराम पुढं आला. त्याच्या धोतराला अजून म्हशीची माती होती. "दोन दिस गेले. माझी म्हस गेली. आनि तू गप बसून बघत व्हतीस?"

"मला वाटलं, खणलं तर लागंल." ती थांबली. "वाटलं न्हाई. वाटून घेतलं."

धोंडीरामानं पायातली वहाण हातात घेतली. सुंदररावनं त्याचा हात धरला, पण मंजुळाबाईकडं त्यानं बघितलं नाही. तिला वहाण परवडली असती.

सगळ्यांत विचित्र झालं ते उत्तरेश्वरचं. तो चिडला नाही. तो तिच्यापुढं येऊन उकिडवा बसला.

"मावशी, एक सांगा. आत्याबाई एकट्याच माहेरच्या पाण्याचं गायच्या का सगळ्याच बायका?"

उत्तर बायनाबाईनं दिलं. "मग काय सासऱ्याच्या हौदाचं गावं म्हनतोस व्हय रे? सासरचं पानी डोस्क्यावर आसतं. ते कवा खाली ठिवीन आसं झाल्यालं आसतं. त्याच्यावर कुनाला ओवी सुचंल? गायचं ते माहेराचं. शिकल्या-सवरल्या माणसाला येवढं कळंना?"

"न्हाई कळलं," उत्तरेश्वर म्हणाला. त्याची आई दळायला बसायची तेव्हा तो झोपलेला असायचा. त्याचे गुरुजीही पुरुष. त्यांच्या फॉर्मवर गाणारणीचं नाव होतं, वय होतं, जिथं कॅसेट भरली ते गाव होतं, तारीखसुद्धा होती. माहेर विचारणारा रकाना नव्हता.

त्यानं नकाशा उघडला. एकशे बारा ठिपके. "ह्यातला एक बी जागेवर न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येक पाणी त्या बाईसंगं सासरी आलंय."

मग त्याला काहीतरी आठवलं, आणि चेहरा पार उतरला. फोन काढून तो लांब गेला. पाटोद्याकडचं एक गाव त्याच नकाशावरून खणणार होतं. "थांबा, खणू नका," एवढं त्याचं ऐकू आलं. पलीकडचा माणूस जे बोलला ते फोन कानाला असूनही अर्ध्या गावाला ऐकू गेलं. त्यांनी परवाच खणलं होतं.

तो परत आला, लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घालायला लागला. बद्रीनाथनं विचारलं, "मग मी पुढच्या गावाला कळवू का? उद्याचा दिवस हाय अजून." सुंदरराव नुसता खड्ड्यात बघत उभा.

"कळीव बाबा," बायनाबाई पदरानं वारा घेत म्हणाली. "बायका अशा येड्या. आपली बारव गात्यात परक्या गावात, आनि परक्यांची ऐकून आपन खड्डे खनायचे. आता आमच्या गावच्या लेकी कुठंकुठं बसून आमचं पानी गात आसतील, त्येंलाच म्हाईत."

उत्तरेश्वरचा हात पिशवीतच थांबला.

"काय म्हणालात, आजी?"

"काय म्हनलं? खोटं म्हनलं का?"

"न्हाई. खरं म्हणालात." तो खाली बसला, पुन्हा लॅपटॉप काढला. "ह्या गावच्या लेकी कुठंकुठं दिल्यात? जुन्यातल्या जुन्या. ज्या आता नसतील त्या सुद्धा सांगा."

सोसायटीच्या खोलीत बायका जमल्या. पुरुष दारात. कोण कुठं दिली ह्याचा हिशेब बायकांच्या तोंडावर असतो. बायनाबाईनं बोटांवर मोजत गावं सांगितली आणि उत्तरेश्वरनं त्या त्या गावच्या ध्वनिफिती काढल्या. तेलगावच्या बावीस, आडसच्या नऊ, आणखी चार गावांच्या. रकाना नव्हता तिथं कान लावायचा होता. मंजुळाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. आत ये असं तिला कुणी म्हणालं नाही.

"तिला बी घ्या की आत," बायनाबाई म्हणाली. "ती खोटं बोलली. बहिरी झाली न्हाई."

मग एकामागून एक आवाज. मेलेल्या बायकांचे आवाज. खोकणारे, मधेच हसणारे, पोराला दटावणारे. ऊन कौलांवरून उतरलं तरी चाललंच होतं. एखादा आवाज ओळखीचा वाटला की सगळ्या पुढं झुकायच्या. मग बायनाबाई मान हलवायची. "ही न्हाई. ही धारूरची." बाहेर जनावरं हंबरत होती. हंबरणं कसलं, नुसता घशातला खरखराट.

तेलगावची सतरावी फीत. आवाज फार म्हातारा, दात नसलेला.

*येशीच्या उजव्या हाताला, दगडी डोण बाई गुरांची*
*माझ्या बापाच्या बारवला, नऊ पायरी गं चिऱ्यांची*

"छबुआत्या!" बायनाबाईनं कपाळावर हात मारला. "आमच्या ह्यांची आत्या! दिवाळीला यायच्या, आसंच 'बाई' घोळवायच्या. मी तवा नवी नवरी!"

"श्श! पुढं ऐका," मंजुळाबाई म्हणाली. कबुली दिल्यापासून तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

*नारू निघाला गावात, बारव बुजिली मातीनं*
*पैली पाटी टाकली, माझ्या बापानं हातानं*

डोण म्हणजे गुरांना पाणी पाजायचं कुंड, आणि नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा निघणारा किडा. बारवेत पाय घालून पाणी भरलं की तो पसरायचा, म्हणून निजामाच्या वेळी कितीतरी बारवा बुजवल्या. नोंदीत छबुबाईचं वय होतं ऐंशी, साल होतं पंचाण्णव. म्हणजे ती ह्या गावातून सासरी गेली त्याला नव्वद वर्षं होत आली. बारव बुजवली तेव्हा आज गावात असलेल्यांतला कुणी जन्मलाही नसेल.

वेस कधीच पडलेली, तिचा एकच दगडी खांब उभा होता. पण उजवा हात कुठला? गावात येताना उजवीकडं महादेवाचं देऊळ, गावाबाहेर जाताना उजवीकडं दुसरं काही.

"बाई रिकामा हंडा घिऊन गावाभाईर पान्याला जाती," बायनाबाई म्हणाली. "जातानाचा उजवा हात."

सगळे उठून वेशीच्या खांबापाशी गेले. गावाबाहेर तोंड करून उभे राहिले. उजव्या हाताला सोसायटी होती. ज्या खोलीत ते दुपारभर बसले होते तीच.

सोसायटी सुंदररावच्या बापानं, भगवानरावांनी उभी केली होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांनी पुढं दहा वर्षांनी श्रमदानानं दगड रचले. मोकळी पडीक जागा होती, कुणाच्या बापाची नव्हती, म्हणून तिथं बांधली. गावानं एकत्र येऊन केलेली तेवढी एकच गोष्ट गावात होती.

"न्हाई," सुंदरराव म्हणाला.

"चेअरमन, ओवीत साफ..."

"परवा बी ओवीच व्हती, सर! परवा बी साफ व्हती!" एवढ्या मोठ्यानं बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. तो मंजुळाबाईकडं वळला. "वैनी, तुमी म्हणलात तवा एक माळ फोडला. आता माझ्या बापाची सोसायटी फोडू? आनि पानी न्हाई लागलं, तर मागं काय ऱ्हायलं आमचं? जनावरं न्हाईत, सोसायटी न्हाई. मग सभासद तरी कशाचे आमी?"

आदल्या दिवसापर्यंत मंजुळाबाई बोलली असती तर त्यानं ऐकलं असतं. सुंदररावचं लग्न जमवताना मुलगी बघायला तीच गेली होती, इतका त्याचा तिच्यावर भरवसा. आता ती खरं सांगत असली तरी तिच्या शब्दाला काही वजन नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्यावर जाऊ नका, भाऊजी. माझं सोडून द्या. छबुआत्यांचं बघा."

सुंदरराव एकटाच आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. मंजुळाबाईला दारातून दिसत होतं: तो दूध मोजायच्या कोपऱ्यात उभा होता, आणि टाचेनं फरशी दाबत होता. तो कोपरा दर पावसाळ्यात खचायचा. भगवानरावांनी दोनदा भराव घातला, सुंदररावनं एकदा. गवंडी म्हणायचा, बांधकाम चांगलं आहे, खालची जमीनच भुसभुशीत आहे. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की मुरमाच्या गावात एवढाच तुकडा भुसभुशीत कसा.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात बापाचा फोटो होता आणि दुसऱ्या हातात दुधाचं फॅट काढायचं यंत्र.

"बद्रीनाथ," तो म्हणाला, "सकाळी सहाला चालू करा."

तिसऱ्या दिवशी सोसायटी पाडायला पाऊण तास लागला. बांधायला दोन वर्षं लागली होती. धोंडीराम भिंतीकडं पाठ करून बसला होता. त्या भिंतीत त्यानं हातानं चुना भरलेला. साडेनवाला आठ फुटांवर बकेटला काहीतरी खणकन लागलं. बद्रीनाथनं मशीन थांबवलं, डोकावलं, आणि सुपारी थुंकून म्हणाला, "चिरा!"

सगळे नुसते पुढं सरकले. घडीव दगड, एकाला एक बसवलेला. मग पायरी. मग दुसरी पायरी. उत्तरेश्वर फोनवर चित्र घेत होता. तिसरी, चौथी. भराव सगळा कोरडा निघत होता. दुपार झाली. सातवी पायरी, आठवी. मंजुळाबाई मोजत होती, गाव मोजत होतं. नववी पायरी उघडी पडली तेव्हा माती काळी निघाली. मंजुळाबाईनं ढिगाऱ्यातली मूठभर घेऊन दाबली. मूठ उघडली तर मातीचा गोळा तसाच राहिला.

पण तिथून पुढं मशीनचा हात पोचेना, आणि पायऱ्यांच्या तोंडातून मशीन खाली जाईना. वरून रुंद करून उतरायचं म्हणजे आणखी दोन दिवसांचं काम. बद्रीनाथनं पाच वाजेपर्यंत ओढून बघितलं, सहापर्यंत, हुकूम नसताना सातपर्यंत. मग हात जोडले. "माझ्या हातात आसतं तर थांबलो आसतो. आनिक दोन दिस पायजे व्हते बगा."

दोन दिवस. ते माळावर गेले होते. सगळ्यांना ते एकदमच आठवलं, आणि कुणी मंजुळाबाईकडं बघितलं नाही. तिला ते बघण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी माणसं कुदळी-पाट्या घेऊन पायऱ्यांनी उतरली. दुपारपर्यंत तळाच्या एका कोपऱ्यातून पाणी पाझरायला लागलं. गढूळ, बोटभर धार. उपसलं की पुन्हा साठायचं, पण नडगीच्या वर चढायचं नाही. आणखी खाली हातानं जायला महिना लागला असता. दिवसभर मोजून सुंदररावनं सांगितलं, "अकरा. अकरा जनावरांपुरतं हाय. बाकीची छावणीला."

नेम ठरला तो असा: आधी गाभण, मग वासरं पाजणाऱ्या, मग उरलं तर बाकीच्या. खडूनं शिंगांवर खुणा केल्या. सुंदरराव मोरीपाशी आला, तेव्हा मंजुळाबाईनं दावं आपल्या हाताला गुंडाळून घेतलं होतं.

"ही जाईल छावणीला."

"वैनी, गाभण हाय. नेमात बसती."

"ती बसती. मी न्हाई बसत."

"गाईनं काय केलं?"

"तिनं काय न्हाई केलं." तिनं दाव्याला आणखी एक वेढा दिला. "दोन दिस आनिक मशीन आसतं तर एकतीस जनावरं घरी ऱ्हायली आसती. त्या घरांफुडं मी माझी गाय हितं बांधून पानी कशी पाजू? धोंडीरामभाऊच्या खुंट्याला काय ऱ्हायलं?"

"येडी हाईस तू," बायनाबाई म्हणाली. "सही केली नसतीस तर मशीनच आलं नसतं. अकरा बी वाचली नसती."

"ते बी खरं हाय."

दोन्ही खरं होतं. तिला त्यातलं एकच उचलता येत होतं.

उत्तरेश्वर बीडला जाण्याआधी वही घेऊन आला. प्रत्येक म्हाताऱ्या बाईचं माहेर लिहून घेत होता. एकशे बारांतल्या बहुतेक गाणारणी मेलेल्या. त्यांच्या सुनांना, लेकींना गाठून विचारायचं होतं, तेही त्या गेल्या नसल्या तर. नकाशा त्यानं बंद करून ठेवला होता. "किती वर्षं लागतील?" सुंदररावनं विचारलं. "म्हाईत न्हाई. तोवर कुणी खणू नये म्हणजे झालं," असं म्हणून तो एसटीला गेला.

उजाडताना एकतीस जनावरं निघाली. सोबत सात माणसं आणि मंजुळाबाई. सुंदरराव मोटारसायकल ढकलत बरोबर चालला, तेलगावच्या फाट्यापर्यंत म्हणून. पहिला तास नीट गेला. डांबर तापायला लागलं तशी जनावरं कडेच्या मातीत उतरली. तेलगावच्या अलीकडं एक छोटा चढ आहे, माणसाला कळतही नाही एवढा. तिथं मोरी थांबली. पुढचे गुडघे वाकवले आणि बसली.

"चला तुमी," मंजुळाबाई पुढच्यांना म्हणाली. "थांबू नका. थांबली तर सगळीच बसतील."

कळप पुढं गेला. तिनं मोरीच्या डोक्यावर पदर धरला, पण ऊन सगळीकडून होतं. शेपटी पिळली, खांदा लावला, नावानं हाका मारल्या. पोटातलं वासरू एका कुशीला हललेलं तिला दिसलं. मग तिला रडू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, तेही बिनआवाजाचं, कारण आवाज काढायला ओल लागते.

सुंदरराव पुढं गेला होता तो मागं आला. गाडी स्टँडवर लावली. त्यानं रस्त्याकडेचं बाभळीचं एक लांब लाकूड ओढत आणलं आणि मोरीच्या पोटाखालून घातलं.

"त्या बाजूनं धरा, वैनी. मी तीन म्हणलं की."

पहिल्यांदा उचललं तेव्हा ती अर्धी उठून पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्या वेळी मागचे पाय रोवले, मग पुढचे, आणि थरथरत उभी राहिली. दोघंही लाकूड सोडायला भ्याले. मग सोडलं. मोरी दहा-बारा पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली.

छावणी अजून चौदा कोस होती.